साथीचे दिवस आणि अप्रमाणित औषध

महासाथीच्या काळात समाजाला दोन प्रकारची दुःखे सोसावी लागतात. एक रोगाचे, आणि दुसरे आपल्या हातून काहीच होत नसल्याचे. दुसरे दुःख कित्येकदा अधिक असह्य होते आणि त्याच्या पोटी एक प्रश्न जन्म घेतो: गुण सिद्ध झालेले औषध हाताशी नसेल, तर सिद्ध न झालेले का घेऊ नये? कोविडच्या काळात हा प्रश्न जगभर विचारला गेला. आपल्या गोव्यात तर तो एका शासकीय निर्णयाच्या रूपाने उभा राहिला. ते दिवस आता मागे पडले आहेत. म्हणूनच स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने त्याचा शांतपणे विचार करणे उचित होईल.

१० मे २०२१ रोजी गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले की, राज्यातील १८ वर्षांवरील सर्वांना, कोविडची लागण झालेली असो वा नसो, आयव्हरमेक्टिन हे औषध रोज १२ मिलिग्रॅम याप्रमाणे ५ दिवस देण्यात येईल. या औषधाने लागण टळत नाही, परंतु रोगाची तीव्रता कमी होते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांनी परदेशांतील तज्ज्ञांच्या निष्कर्षांचा आधार दिला. दुसऱ्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेच्या तत्कालीन मुख्य शास्त्रज्ञ डॉ. सौम्या स्वामिनाथन यांनी स्मरण करून दिले की, संशोधनात्मक चाचणीखेरीज कोविडसाठी हे औषध वापरू नये, अशी संघटनेची शिफारस आहे. त्यावरून मोठा वाद माजला आणि वकिलांच्या एका संघटनेने डॉ. स्वामिनाथन यांना कायदेशीर नोटीसही धाडली.

त्या निर्णयामागील परिस्थिती ध्यानात न घेता त्याला हसणे अन्यायाचे होईल. गोव्यात त्या दिवसांत चाचणी केलेल्या जवळजवळ दर दोघांमागे एक जण बाधित आढळत होता. बांबोळीच्या रुग्णालयातील प्राणवायूचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला होता. सौम्य रुग्णांना हे औषध देण्याचा विचार करावा, असे केंद्रीय पातळीवरील मार्गदर्शक सूचनांतही नमूद होते. सप्टेंबर २०२१ मध्ये ते तेथून वगळण्यात आले. बुडत्याला काडीचा आधार वाटतो, तो अशा वेळी.

शिवाय ही काडी साधी नव्हती. जपानच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून लाभलेले हे औषध. त्याच्या शोधाबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आफ्रिकेत काळ्या माशीच्या दंशाने पसरणाऱ्या आणि अंधत्व आणणाऱ्या कृमिरोगापासून त्याने असंख्य लोकांना वाचविले. एप्रिल २०२० मध्ये मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत असे दाखविले की, पेशींमध्ये वाढविलेला कोविडचा विषाणू या औषधाने ४८ तासांत जवळजवळ नाहीसा होतो. मात्र तेथे वापरलेली मात्रा नेहमीच्या गोळीने रक्तात येऊ शकणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट अधिक होती. काचपात्रातील विषाणूला मारणे आणि माणसाच्या देहातील विषाणूला मारणे यांत असे अंतर असते.

येथे पुष्कळांचा आक्षेप असतो: "पण हे औषध घेऊन बरे झालेली माणसे आम्ही डोळ्यांनी पाहिली, त्याचे काय?" आक्षेप प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर आपल्या एका जुन्या म्हणीत आहे: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. कोविड झालेली बहुसंख्य माणसे कोणत्याही औषधाविना बरी होत होती. अशा रोगात कोणतीही गोळी दिली तरी ती घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण बरे होणारच. गोळी घेतलेल्यांपैकी किती बरे झाले, हे सांगून म्हणूनच काही सिद्ध होत नाही. न घेतलेल्या तशाच माणसांचे काय झाले, हेही सांगावे लागते. ती माणसे खरोखर तशीच असावीत, म्हणून कोणाला औषध द्यायचे हे वैद्याच्या वा रुग्णाच्या पसंतीवर न सोडता चिठ्ठ्या टाकून ठरवितात. म्हातारे-तरुण, अशक्त-सशक्त असे सर्व प्रकारचे लोक मग दोन्ही गटांत सारखे वाटले जातात आणि फरक पडलाच तर तो औषधाचा असतो.

तुलनेचे हे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. मुंबईत प्लेगचे थैमान चालू असता वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. एवढ्याने ती गुणकारी ठरली नाही. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात लस टोचलेले आणि न टोचलेले बंदी यांची तुलना केली, तेव्हा कोठे लशीच्या गुणाचा अंदाज आला. कैद्यांची संमती कितपत मोकळी होती, असा प्रश्न आज आपण विचारू. तरीही तुलनेवाचून प्रचीती नाही, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

हीच कसोटी २०२० मध्ये ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर लावण्यात आली. मार्चमध्ये तेथील रुग्णालयांत 'रिकव्हरी' नावाची चाचणी सुरू झाली. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाचा त्या वेळी जगभर बोलबाला होता आणि संधिवात व ल्युपसच्या रुग्णांना ते मिळेनासे झाले होते. चाचणीत ते घेतलेले १५६१ आणि न घेतलेले ३१५५ रुग्ण यांची तुलना झाली. २८ दिवसांत पहिल्या गटातील २७ टक्के, तर दुसऱ्यातील २५ टक्के रुग्ण दगावले. म्हणजे औषधाचा लाभ नव्हता. त्याच चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त आणि जुन्या औषधाने कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे जून २०२० मध्ये दिसून आले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही. दोन्ही औषधे प्रारंभी सारखीच अप्रमाणित होती. त्यांतील तारक कोणते, हे तर्काने वा कीर्तीने ओळखता आले नसते.

आयव्हरमेक्टिनचे पुढे काय झाले? त्याच्या बाजूने पुन्हा पुन्हा सांगितला जाणारा इजिप्तमधील एक अभ्यास, त्यातील आकड्यांविषयी गंभीर शंका निघाल्यामुळे, जुलै २०२१ मध्ये मागे घेण्यात आला. २०२२ मध्ये ब्राझीलमधील चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. ६७९ रुग्णांना हे औषध आणि ६७९ जणांना तशीच दिसणारी निर्गुण गोळी देण्यात आली होती. आजार बळावून रुग्णालयात दाखल होण्याची किंवा तातडीच्या विभागात दीर्घकाळ राहण्याची वेळ पहिल्या गटात १०० जणांवर, तर दुसऱ्यात १११ जणांवर आली. एवढा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो. नंतरच्या मोठ्या चाचण्यांचा कौलही असाच आहे.

"घेऊन तोटा काय?" या प्रश्नाला सामान्यतः दुष्परिणामांची यादी हे उत्तर दिले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. गोळी घेतलेल्या माणसाची सावधगिरी सुटू शकते. ज्या रोगावर औषध खरोखर लागते, त्या रोग्याला ते दुर्मिळ होते. पण सर्वांत मोठा तोटा ज्ञानाचा. औषध सरसकट सर्वांना दिले की तुलनेला कोणी उरत नाही. मग साथ ओसरली तर श्रेय औषधाला, न ओसरली तर दोष रोगाच्या उग्रतेला, आणि पुढच्या साथीत तोच वाद पुन्हा पहिल्या ओळीपासून.

गोव्यासारख्या, सुमारे १५ लाख वस्तीच्या राज्यात दुसरा मार्ग अशक्य नव्हता. एकाच दिवशी सर्वत्र गोळ्या पोहोचविणे कोणत्याही यंत्रणेला कठीणच. कोठेतरी आधी, कोठेतरी नंतर हे ओघानेच येते. गावांचा हा क्रम चिठ्ठ्या टाकून लावला असता, लोकांना औषधाच्या अनिश्चिततेची कल्पना देऊन त्यांची संमती घेतली असती आणि नोंदी नीट ठेवल्या असत्या, तर पहिल्या व नंतरच्या गावांची तुलना करून काही आठवड्यांत बरेच हाती लागले असते. ब्राझीलकडून पुढच्या वर्षी मिळालेल्या उत्तरात गोव्याचाही वाटा राहिला असता.

आणीबाणीत अप्रमाणित औषध कधीच वापरू नये, असा हट्ट येथे धरलेला नाही. डेक्सामेथासोनही एके काळी अप्रमाणितच होते. मात्र ते देताना, त्याचा गुण आपणांस ठाऊक नाही हे उघड सांगावे आणि तो कळेल अशा रीतीने ते द्यावे, एवढी अपेक्षा शासनाकडून, वैद्यांकडून आणि सुशिक्षित नागरिकांकडून करणे वावगे नाही. पुढच्या साथीत कोणी नव्या गोळीचे नाव घेऊन दारी आला, तर तिची थोरवी ऐकण्यापूर्वी त्याला एवढेच विचारावे: ती न घेतलेल्यांचे काय झाले?