रुग्णसेवकांना ‘ब’ काविळीपासून संरक्षण

रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यास रोगाची लागण होण्याचा धोका असतो, ही गोष्ट नवी नाही. परंतु हेपॅटायटिस-बी म्हणजेच ‘ब’ काविळीपुरता हा धोका लसीने बहुतांशी टाळता येतो, ही जाणीव अद्याप सर्व थरांत रुजावयाची आहे.

रोगाचा प्रसार

सर्वांच्या परिचयाची कावीळ दूषित पाण्यातून पसरते. ‘ब’ काविळीचे विषाणू रक्तातून व शरीरातील अन्य स्रावांतून संक्रमित होतात. शरीराबाहेर ते निदान ७ दिवस तग धरतात. अशा रुग्णास टोचलेली सुई लस न घेतलेल्या सेवकास लागली, तर लागण होण्याचे प्रमाण शेकडा ६ ते ३० इतके असते. एचआयव्हीच्या बाबतीत ते शेकडा ०.३ च्या आसपास आहे. अनेकांना प्रारंभी त्रास जाणवत नाही. काहींच्या शरीरात मात्र विषाणू ठाण मांडतात व पुढे यकृत निकामी होण्याचा वा कर्करोगाचा संभव निर्माण होतो.

लसीची वाटचाल

या विषाणूच्या शोधाबद्दल अमेरिकी शास्त्रज्ञ बारूच ब्लुम्बर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली लस मानवी रक्तद्रवापासून बनविलेली होती. १९८६ पासून यीस्टच्या साहाय्याने तयार केलेली लस उपलब्ध झाली. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने अशी लस भारतात तयार केली. आज बालकांच्या नियमित लसीकरणात तिचा समावेश आहे. परंतु सेवेत असलेल्या बहुसंख्य प्रौढांना बालपणी ती मिळालेली नाही.

तिसऱ्या मात्रेचे महत्त्व

पहिल्या मात्रेनंतर एक महिन्याने दुसरी व सहा महिन्यांनी तिसरी मात्रा दंडात टोचतात. या दीर्घ अंतरात बदली होते, कंत्राट संपते आणि तिसरी मात्रा राहून जाते. तशी ती राहिल्यास पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेली मात्रा घेतली म्हणजे पुरे. त्यानंतर एक ते दोन महिन्यांनी रक्त तपासून संरक्षण लाभल्याची खात्री करता येते.

सुई टोचल्यास जखम साबण व पाण्याने धुवावी आणि विलंब न लावता वैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावे. लस न घेतलेल्यास लसीबरोबर प्रतिपिंडांचे इंजेक्शनही, शक्यतो २४ तासांच्या आत, द्यावे लागते.

जबाबदारी कोणाची?

डॉक्टर व परिचारिका यांच्याइतकाच धोका प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, कक्षसेवक आणि सफाई कामगार यांना असतो. कचऱ्याच्या पिशवीतील सुई पद पाहून टोचत नाही. म्हणूनच जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये असा कचरा हाताळणाऱ्या सर्वांना ही लस देण्याचे दायित्व संबंधित रुग्णालयावर आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातही आरोग्य सेवकांच्या लसीकरणाचा अंतर्भाव आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत्येक सेवकाच्या तिन्ही मात्रांची नोंदवही ठेवणे कठीण नाही. पंचायत सदस्यांनी केंद्रास भेट देताना ती अवश्य पाहावी आणि तीत झाडूवाल्याचे नाव आहे की नाही, याची प्रथम चौकशी करावी.