चाचणीआधीची भीती दूर करणारे तरुण स्वयंसेवक

नवी दिल्ली : एचआयव्हीची चाचणी शासकीय केंद्रांमध्ये मोफत होते आणि उपचारही मोफत मिळतात. तरीही अनेक जण चाचणी केंद्राच्या दारातून माघारी फिरतात. ‘कोणी पाहिले तर?’ ही भीती त्यांना आजारापेक्षा मोठी वाटते. ही भीती कमी करण्याचे काम महाविद्यालयांमधील ‘रेड रिबन क्लब’चे विद्यार्थी स्वयंसेवक करीत आहेत.

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये चेन्नईत आढळला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नाको) स्थापन झाली. आज प्रौढ लोकसंख्येतील संसर्गाचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के, म्हणजे कमी आहे. मात्र देशाच्या लोकसंख्येमुळे बाधितांची संख्या २५ लाखांहून अधिक भरते. संसर्ग झाल्यानंतर अनेक वर्षे कोणतीही ठळक लक्षणे दिसत नाहीत. त्यामुळे चाचणी हाच निदानाचा एकमेव मार्ग ठरतो.

क्लबचे काम कसे चालते?

नाको आणि राज्य एड्स नियंत्रण संस्थांच्या पुढाकाराने देशातील १२ हजारांहून अधिक महाविद्यालयांत हे क्लब कार्यरत आहेत. पथनाट्ये, प्रश्नमंजूषा, भित्तिपत्रके आणि ऐच्छिक रक्तदान शिबिरे हे त्यांचे नेहमीचे उपक्रम आहेत. मात्र स्वयंसेवकाची खरी कसोटी कार्यक्रम संपल्यावर लागते. घरी किंवा शिक्षकांना विचारता न येणारा प्रश्न एखादा वर्गमित्र त्याला एकांतात विचारतो. त्या वेळी उपदेश न करता अचूक माहिती देणे आवश्यक असते.

कोणते गैरसमज दूर होणे गरजेचे?

असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित सुया, बाधित रक्त आणि बाधित मातेकडून बाळाला, अशा मार्गांनी एचआयव्ही पसरतो. हस्तांदोलन, एकत्र जेवण, एकच स्वच्छतागृह वापरणे किंवा डास चावणे यांमुळे तो पसरत नाही. एचआयव्ही आणि एड्स एकच नव्हेत; उपचार न मिळाल्यास एचआयव्ही संसर्गाची पुढची अवस्था म्हणजे एड्स. शासनाची मोफत एआरटी उपचार योजना २००४ मध्ये सुरू झाली. नियमित औषधांमुळे रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके कमी होऊन तसेच टिकून राहिल्यास लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही. ही माहिती पोहोचली, की ‘निदान म्हणजे सर्व संपले’ हा समज गळून पडतो.

कायदा काय सांगतो?

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी, शिक्षण, आरोग्यसेवा आणि निवास यांबाबत बाधितांशी भेदभाव करण्यास या कायद्याने मनाई आहे. चाचणीसाठी व्यक्तीची माहितीपूर्ण संमती घ्यावी लागते आणि तिची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. शंभर किंवा अधिक व्यक्ती असलेल्या आस्थापनांनी तक्रार अधिकारी नेमावा, अशीही तरतूद आहे. हे हक्क ठाऊक असलेला विद्यार्थी भेदभाव झाल्यास दाद कोठे मागावी, हे इतरांना सांगू शकतो.

स्वयंसेवकाची मर्यादा

स्वयंसेवक हा डॉक्टर किंवा समुपदेशक नव्हे. कोणाला संसर्ग झाला असेल याचा अंदाज बांधणे, चाचणीचा अहवाल विचारणे किंवा विश्वासाने सांगितलेली गोष्ट इतरांपर्यंत नेणे त्याने कटाक्षाने टाळले पाहिजे. एका वाक्याने फुटलेली गोपनीयता एखाद्याचे शिक्षण, नोकरी किंवा घर हिरावू शकते. गरजूला एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्राचा पत्ता देणे, १०९७ हा मोफत मदत क्रमांक सांगणे आणि त्याची इच्छा असल्यास केंद्रापर्यंत सोबत जाणे, एवढे त्याचे काम आहे.

दरवर्षी १ डिसेंबरला जागतिक एड्स दिनी लाल फिती लावल्या जातात. त्या फितीमागील आश्वासन मात्र वर्षभर पाळावे लागते : माहिती मिळेल, निवाडा होणार नाही आणि गुपित गुपितच राहील.