एक जर्सी, तीस ऑर्डरी आणि तेवीस कार्डं



परवाच्या व्हिडिओत मी एक कार्ड हातात धरून दाखवलं होतं. मध्ये छोटी खिडकी आणि त्या खिडकीत जर्सीचा पिवळा तुकडा. व्हिडिओत फक्त ‘कसं बनवायचं’ तेवढंच सांगून झालं. हा धंदा नेमका कशावर चालतो आणि मी त्यात कुठे अडकलो, ते आज निवांत लिहितो.

नव्वदच्या दशकात जे शाळेत होते त्यांना बिग फन बबलगम आठवत असेल. चिंगमसोबत क्रिकेटपटूचं कार्ड यायचं, त्यावर रन किंवा विकेट छापलेल्या असायच्या. आम्ही ते जमवायचो, बदलायचो, त्यावरून भांडायचो. नंतर आयपीएल आल्यावर टॉप्स कंपनीची क्रिकेट अटॅक्स कार्डं आली. पण हे सगळं छापलेला कागद. अमेरिकेत बेसबॉलवाल्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. खेळाडूने खऱ्या सामन्यात वापरलेली वस्तू विकत घ्यायची, तिचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा एकेका कार्डात बसवायचा.

सुरुवात खरं तर मोटार शर्यतीच्या कार्डांतून झाली. १९९६ मध्ये प्रेस पास कंपनीने शर्यतीच्या गाड्यांच्या टायरचे तुकडे कार्डात घातले. टायरचे! आपल्याकडे पंक्चरवाल्याच्या दुकानामागे पडलेला असतो तो माल. १९९७ मध्ये अप्पर डेक कंपनीने तीन बेसबॉलपटूंच्या जर्सीचे तुकडे घातले आणि मग सगळ्या कंपन्या त्यामागे लागल्या.

आता हिशोब बघा, कारण आपण इथे हिशोबासाठी जमतो. बेब रूथ हा बेसबॉलचा दंतकथा झालेला खेळाडू, १९४८ मध्ये वारला. १९९९ मध्ये अप्पर डेकने त्याची एक बॅट सुमारे २३,००० डॉलरला घेतली आणि तिचे साधारण ४०० तुकडे केले. म्हणजे तुकड्याला ५७-५८ डॉलर. २००३ मध्ये डॉनरस कंपनीने त्याची १९२५ ची जर्सी २,६४,२१० डॉलरला घेतली आणि तिचे २,१०० तुकडे करायचं जाहीर केलं. तुकड्याला साधारण १२६ डॉलर. ही झाली कच्च्या मालाची किंमत. पाकीट विकताना कंपनी तुकड्याची किंमत लावतच नाही, ‘तुमच्या पाकिटात निघू शकतो’ या आशेची लावते. साधी कार्डं असलेली हजारो पाकिटं त्या एका तुकड्याच्या जोरावर विकली जातात.

जर्सी कापणार म्हटल्यावर तिकडे ओरड झाली. बेब रूथची अशी कितीशी कपडे-बॅटी उरली असतील, आणि तुम्ही त्याला कात्री लावता? मला विचाराल तर ओरडणाऱ्यांचं म्हणणं बरोबर होतं. एकच उरलेली वस्तू कापू नये. पण एकाच खेळाडूच्या एका मोसमात दहा जर्स्या होत असतील, तर त्यातली एक शंभर घरांत गेली म्हणून काय बिघडतं, हेही मला पटतं.

कार्ड बनतं कसं, ते थोडक्यात. नेहमीच्या कार्डाचं माप अडीच बाय साडेतीन इंच. तुकड्याचं कार्ड तीन थरांचं असतं. वरच्या थराला डायने खिडकी पाडतात, मधल्या जाड पुठ्ठ्याला कपडा बसेल एवढा कप्पा असतो, खाली पाठीचा थर. कपडा खिडकीपेक्षा चारी बाजूंनी थोडा मोठा कापायचा, नाहीतर कडा बाहेर येतात. मग चिकटवून दाबून ठेवायचं. लग्नपत्रिका छापणारा कुणीही हे करू शकतो. यात कौशल्य आहे, पण गुपित काहीच नाही.

गुपित कार्डाच्या मागच्या दोन ओळींत आहे. तिकडे ‘गेम-यूज्ड’ लिहिलं म्हणजे वस्तू प्रत्यक्ष सामन्यात वापरलेली. ‘प्लेअर-वॉर्न’ म्हणजे खेळाडूने अंगात घातली होती एवढंच. कित्येकदा फोटोशूटला नव्या पोराला एकावर एक जर्स्या घालायला-काढायला लावतात आणि त्याच कापतात. आणि तिसरा प्रकार, ‘हा तुकडा कुठल्याही ठरावीक सामन्याशी, कार्यक्रमाशी किंवा मोसमाशी संबंधित नाही’. म्हणजे काय? म्हणजे कपडा आहे. तिन्ही कार्डं समोर ठेवली तर दिसायला सारखी. भावात मात्र जमीन-अस्मान.

सामन्यात वापरलेली हे ठरवायचं कोणी? याच प्रश्नावर तिकडे मोठा घोळ झाला. सह्या आणि वस्तूंची बनावटगिरी इतकी बोकाळली की एफबीआयला ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम काढावी लागली. त्यानंतर २००१ मध्ये मेजर लीग बेसबॉलने स्वतःची पद्धत बसवली. प्रत्येक सामन्याला मैदानात एक प्रमाणक बसतो, बहुतेक आजी-माजी पोलीस. त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूलाच हॉलोग्राम लागतो, त्यावर नंबर असतो आणि तो नंबर कुणालाही ऑनलाइन तपासता येतो. ‘मी तिथे नव्हतो, पण खेळाडूने सांगितलं’ हे चालत नाही. तरीसुद्धा पुढच्या काळात खोट्या जर्स्या कार्ड कंपन्यांना विकल्याबद्दल तिकडच्या व्यापाऱ्यांवर खटले झालेच.

पुरावा पक्का असला की काय होतं, त्याचं उदाहरण ताजं आहे. २०२३ पासून बेसबॉलमध्ये पहिला सामना खेळणाऱ्याच्या बाहीवर खास पॅच लावतात. सामना संपला की पॅच काढून, प्रमाणित करून, एकाच कार्डात बसवतात. पॉल स्कीन्स नावाच्या गोलंदाजाचं असं कार्ड २०२४ च्या नाताळात लॉस एंजेलिसकडच्या ११ वर्षांच्या मुलाच्या पाकिटात निघालं. स्कीन्सच्या टीमने त्याबदल्यात ३० वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली. पोराच्या घरच्यांनी लिलाव निवडला. मार्च २०२५ मध्ये ते ११ लाख १० हजार डॉलरला गेलं.

आपल्याकडे वस्तूला किंमत नाही असं समजू नका. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर धोनीने ज्या बॅटने सिक्स मारून वर्ल्ड कप जिंकला, ती त्याच वर्षी लंडनच्या लिलावात एक लाख पौंडांना गेली. २०२४ मध्ये के. एल. राहुल आणि अथिया शेट्टीने मुंबईच्या विप्ला फाउंडेशनसाठी लिलाव केला, त्यात कोहलीची जर्सी ४० लाखांना आणि रोहितची बॅट २४ लाखांना गेली. पुण्यात ब्लेड्स ऑफ ग्लोरी नावाचं अख्खं क्रिकेट संग्रहालय आहे. म्हणजे हौस आहे, पैसाही आहे. पण आपल्याकडे वस्तू अख्खी विकली जाते आणि एकाच श्रीमंत माणसाकडे जाते. ती ४० लाखांची जर्सी हजार तुकड्यांत गेली असती तर तुकडा ४,००० रुपयांना पडला असता. कापायला पाहिजे होती असं नाही म्हणत, फक्त गणित दाखवतोय.

आता तुमच्यातला एक जण लगेच म्हणणार, दादा, मग धोनीची कार्डं छापू का? नको. मोठ्या खेळाडूचं नाव-फोटो धंद्यासाठी वापरायला त्याची परवानगी लागते, टीमचा लोगो टीमच्या मालकीचा. गुगलवरून फोटो उचलून कार्ड छापलं की धंद्याआधी नोटीस येईल.

पण आपलं महाड-पोलादपूर बघा. रविवारी एक मैदान रिकामं असतं का? टेनिस बॉलच्या स्पर्धा, मुंबईहून खेळायला येणारे चाकरमानी, यूट्यूबवर लाइव्ह, मराठीत कॉमेंट्री. प्रत्येक गावाचा एक स्टार आहे आणि त्याचे चाहते खरे आहेत. तिथे परवानगी म्हणजे समोर बसून चहा प्यायचा आणि लेखी घ्यायचं.

माझ्याकडे आलेलं काम असंच. एमआयडीसीत वेगवेगळ्या कंपन्यांत शिफ्ट करणाऱ्या पोरांची टीम. त्यांचा विकेटकीपर हायवेवर बाइकवरून पडला, पायात रॉड टाकायचा होता. कॅप्टनने आदल्या मोसमातल्या फायनलला घातलेली जर्सी आणली. म्हणाला, “शेठ, तुम्ही ती कार्डं दाखवली होतीत ना? याची करा. पाचशेला एक विकू, पैसे त्याच्या ऑपरेशनला.” मी म्हटलं, मला फक्त खर्च द्या. छपाई, पुठ्ठा, लॅमिनेशन आणि प्लॅस्टिकचा होल्डर धरून तो कार्डामागे ८५ रुपये येत होता. बाकीचे ४१५ पेशंटला.

पहिला प्रश्न मीच विचारला. ही फायनलचीच कशावरून? टीमने एकाच प्रिंटच्या दोन-दोन जर्स्या शिवलेल्या. रात्री दुकानात बसून आम्ही फायनलचं यूट्यूब रेकॉर्डिंग लावलं. एका कॅचला कॅप्टन आडवा पडतो आणि डाव्या बाहीवर लाल मातीचा पट्टा उठतो. जर्सीवर तो डाग धुऊनही फिकट राहिला होता. पण डागावर भागत नाही, डाग कुणीही पाडेल. खरी खूण शिवणीत सापडली. सबलिमेशनचा कपडा आधी छापतात, मग कापून शिवतात, त्यामुळे बगलेखाली पट्टे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. प्रत्येक जर्सीला ते वेगळ्या जागी चुकतात. रेकॉर्डिंग थांबवून, झूम करून बघितलं तर पट्टा जिथे चुकला होता तिथेच आमच्या जर्सीत चुकला होता. दुसरी जर्सी मागवून तीही लावून बघितली, ती जुळली नाही. अमेरिकेत याला फोटो-मॅचिंग म्हणतात आणि त्याच्या वेगळ्या कंपन्या आहेत. आमचं झालं वडापाव खात.

मग कॅप्टनची लेखी परवानगी घेतली, अख्ख्या जर्सीचे चारी बाजूंनी फोटो काढले. सगळं ऑनलाइन ड्राइव्हवर ठेवलं. जुलै २०२१ च्या पुरात माझ्या वह्या-पावत्यांचा लगदा झाला, तेव्हापासून कागदावर माझा भरवसा नाही. कॅप्टनच्या आईने एकच सांगितलं, पुढची बाजू कापू नका, त्यावर त्याचं नाव आहे. ठीक म्हटलं, पाठ कापू.

इथे चूक झाली, आणि ती माझी. कॅप्टनने ग्रुपवर टाकलं, ‘प्रत्येक कार्डात पाठीवरच्या पिवळ्या ७ नंबरचा तुकडा’. मी वाचलं आणि अंगठा दाखवला. दोन दिवसांत तीस ऑर्डरी, पैसे ॲडव्हान्स. कापायला बसलो तेव्हा कळलं, सातचा आकडा म्हणजे दोन काड्या. त्यात तुकडे निघाले तेवीस. बाकी सगळी पाठ निळी.

सात कार्डं कमी. कॅप्टनने दुसरी जर्सी पिशवीतून काढून काउंटरवर ठेवली. “हाच कपडा, हाच नंबर, मीच घातलीय. लीग मॅचला. कुणाला कळतंय? आणि पैसे काय आपण खाणार आहोत का?”

खरं सांगतो, मी कात्री उचलली होती. सात कार्डांचे ३,५०० रुपये, दवाखान्याच्या बिलात तेवढंच एक दिवसाचं औषध. आणि त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं, जर्सी त्याचीच होती. पण कार्डामागे मी ‘फायनलमध्ये वापरलेली’ असं छापून ठेवलं होतं, सिरियल नंबर १/३० ते ३०/३०. ती जर्सी आत गेली की फक्त सात कार्डं खोटी होत नाहीत. कुठली सात ते खरेदी करणाऱ्याला कळणार नाही, म्हणून तीसच्या तीस संशयात जातात. आणि त्यात पैसे घालणारे सगळे त्याच्यासोबत कॅन्टीनला जेवणारे.

मी पाठीचे थर रद्दीत टाकले, माझ्या खर्चाने १/२३ ते २३/२३ असे पुन्हा छापले. जे पहिले पैसे भरलेले त्यांना कार्ड, उरलेल्या सात जणांना मी स्वतः फोन केला. निळा तुकडा, त्यावर तसं स्पष्ट लिहून, हवा का ते विचारलं. दोघांनी घेतला. तिघे म्हणाले, कार्ड राहू दे, पैसे तसेच द्या त्याला. दोघांनी पैसे परत घेतले, त्यातला एक अजून दुकानासमोरून जाताना बघत नाही. कॅप्टन महिनाभर नीट बोलला नाही. पुढची बाजू फ्रेम करून त्याच्या घरी दिली, तेव्हा त्याच्या आईने जेवायला थांबवलं.

सध्या पोलादपूरकडच्या एका कबड्डी टीमचं काम आलंय. या वेळी ऑर्डर घेण्याआधी जर्सीवर बटरपेपर पसरला, पेन्सिलने एकेक चौकोन आखला आणि मोजले. नंबरचे एकोणीस, कॉलरचे सहा, बाकी साधे. त्यांनी चाळीस मागितली होती. मी पंचवीसच घेतली.