विश्लेषण : अमेरिकेत बनलेली मोटार 'युनियनची' असतेच का? ग्राहक ते कसे ओळखतात?

नवी मोटार घेताना किंमत आणि मायलेज यांच्या पलीकडचे दोन प्रश्न विचारणारा एक ग्राहकवर्ग अमेरिकेत आहे. गाडी देशातच बनली का? आणि ती बनवणाऱ्या कामगारांची संघटना, म्हणजे युनियन आहे का? पहिल्या प्रश्नामागे अमेरिकी सरकारने आयात शुल्क आणि करसवलत यांचे बळ उभे केले आहे. दुसरा प्रश्न मात्र ग्राहकावरच सोडलेला आहे. हे दोन प्रश्न वेगळे का आहेत आणि त्यांची उत्तरे कशी शोधली जातात, याविषयी...

'युनियनची गाडी' म्हणजे काय?

युनायटेड ऑटो वर्कर्स (यूएडब्ल्यू) ही अमेरिकी मोटार कामगारांची सर्वात मोठी संघटना. तिची स्थापना १९३५ मध्ये डेट्रॉइट येथे झाली. १९३६-३७ च्या हिवाळ्यात मिशिगनमधील फ्लिंट शहरात कामगारांनी जनरल मोटर्सच्या (जीएम) कारखान्यांतच ४४ दिवस ठिय्या दिला आणि कंपनीला संघटनेला मान्यता द्यावी लागली. आज जीएम, फोर्ड आणि स्टेलांटिस (क्रायस्लर, जीप, डॉज, रॅम) या तीन कंपन्यांच्या अमेरिकेतील जुळणी कारखान्यांत यूएडब्ल्यू आहे. युनियनच्या सदस्यांनी बनवलेल्या गाड्यांची यादी ही संघटना प्रसिद्ध करते. १९७९ मध्ये तिचे सुमारे १५ लाख सदस्य होते, आता ते ४ लाखांच्याही आत आहेत. त्यामुळे या यादीला सदस्यांच्या दृष्टीने रोजगाराइतके महत्त्व आहे.

ब्रँडच्या नावावरून का कळत नाही?

फोर्ड हे अमेरिकी नाव, पण फोर्डची मॅव्हरिक मेक्सिकोतील एर्मोसियो येथे बनते. शेवरोले ट्रॅक्स दक्षिण कोरियातून येते. याउलट होंडा अकॉर्डची जुळणी ओहायोतील मेरिसव्हिल येथे १९८२ पासून होते आणि टोयोटा कॅमरी केंटकीतील जॉर्जटाउन येथे बनते. या दोन गाड्या अमेरिकी कामगारांच्या हातच्या आहेत, पण त्या कारखान्यांत युनियन नाही. टेस्लाच्या गाड्या 'कार्स डॉट कॉम'च्या सर्वाधिक अमेरिकी मोटारींच्या यादीत अलीकडच्या वर्षांत अग्रस्थानी राहिल्या, तरी टेस्लाच्या अमेरिकी कारखान्यांतही युनियन नाही.

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचा कारखाना याचे बोलके उदाहरण आहे. जीएमने तो १९८२ मध्ये बंद केला. १९८४ पासून २०१० पर्यंत तेथे जीएम आणि टोयोटा यांचा 'नूमी' हा संयुक्त प्रकल्प चालला. त्या काळात तेथून बाहेर पडणारी टोयोटा करोला यूएडब्ल्यूच्या सदस्यांनी बनवलेली असे. आज त्याच जागी टेस्लाच्या गाड्या बनतात. कारखाना तोच, देशही तोच, युनियन मात्र गेली.

मग ओळखायचे कसे?

१९९२ च्या अमेरिकी मोटार लेबल कायद्यानुसार नव्या गाडीवर अंतिम जुळणीचे ठिकाण, इंजिन व गिअरबॉक्सचा मूळ देश आणि सुट्या भागांतील अमेरिका-कॅनडाचा वाटा लिहावा लागतो. यात दोन खाचाखोचा आहेत. सुट्या भागांचा टक्का त्या मॉडेलचा असतो, समोरच्या एका गाडीचा नव्हे. आणि अंतिम जुळणीच्या कामगारांची मजुरी त्या टक्क्यात धरलेली नसते.

दुसरी खूण म्हणजे गाडीचा १७ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, म्हणजेच 'व्हिन'. चालकाच्या बाजूला समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात तो दिसतो. त्याची सुरुवात १, ४ किंवा ५ ने असेल तर गाडी अमेरिकेत बनलेली, २ म्हणजे कॅनडा आणि ३ म्हणजे मेक्सिको. शेवरोले सिल्व्हरॅडो ही मालवाहू गाडी या तिन्ही देशांत बनते, म्हणून तिचा व्हिन पाहिल्याशिवाय उत्तर मिळत नाही. अकराव्या स्थानावरून कारखाना कळतो. युनियन आहे की नाही हे मात्र लेबलही सांगत नाही आणि व्हिनही नाही. त्यासाठी यूएडब्ल्यूची यादीच पाहावी लागते.

युनियनमुळे पगारात फरक पडतो का?

१५ सप्टेंबर २०२३ रोजी यूएडब्ल्यूने तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी संप पुकारला. अशी ही पहिलीच वेळ होती. सुमारे सहा आठवड्यांनंतर झालेल्या करारांत एप्रिल २०२८ पर्यंत २५ टक्के पगारवाढ मान्य झाली. अनुभवी कामगाराचा दर ताशी ३२ डॉलरच्या आसपास होता, तो कराराच्या अखेरीस ४० डॉलरच्या पुढे जाणार आहे. त्यानंतर काही आठवड्यांतच टोयोटा, होंडा आणि ह्युंदाई यांनीही आपल्या अमेरिकी कारखान्यांत पगारवाढ जाहीर केली. तेथे युनियन नव्हती आणि ती येऊ नये, हाही या वाढीमागचा हेतू असल्याचे अनेक अभ्यासकांनी म्हटले.

युनियनचे समर्थक ग्राहक इथेच बोट ठेवतात. संघटित कारखान्यांच्या गाड्या खपल्या, तर तेथील नोकऱ्या टिकतात आणि पगाराची पातळी बाकीच्या कारखान्यांतही वर राहते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मात्र सर्वच कामगार युनियनच्या बाजूने नसतात. टेनेसीतील चॅटनूगाच्या फोक्सवॅगन कारखान्यात २०१४ आणि २०१९ मध्ये युनियन हरली आणि एप्रिल २०२४ मध्ये ७३ टक्के मतांनी जिंकली. पुढच्याच महिन्यात अलाबामातील मर्सिडीजच्या कामगारांनी ती नाकारली.

सरकारचा कल कोणत्या बाजूने?

२०२१ मध्ये बायडेन सरकारच्या काळात युनियनच्या कारखान्यात बनलेल्या इलेक्ट्रिक गाडीवर ४५०० डॉलरची जादा करसवलत देण्याचा प्रस्ताव होता. टोयोटा, होंडा, टेस्ला यांनी त्याला विरोध केला. युनियन न निवडणाऱ्या अमेरिकी कामगारांवर हा अन्याय आहे, असे टोयोटाचे म्हणणे होते. २०२२ च्या अंतिम कायद्यात ही अट उरली नाही. गाडीची जुळणी उत्तर अमेरिकेत झालेली असावी, एवढेच राहिले.

ट्रम्प सरकारने ३ एप्रिल २०२५ पासून आयात मोटारींवर २५ टक्के शुल्क लावले. पुढे जपान आणि युरोपीय संघ यांच्याशी झालेल्या करारांत ते १५ टक्क्यांवर आले. यूएडब्ल्यूचे अध्यक्ष शॉन फेन यांनी मोटारींवरील शुल्काचे स्वागत केले होते. त्याच वर्षीच्या कर कायद्याने अमेरिकेत जुळणी झालेल्या नव्या गाडीच्या कर्जावरील व्याजात वर्षाला १० हजार डॉलरपर्यंत वजावट दिली. ती घेण्यासाठी विवरणपत्रात व्हिन लिहावा लागतो. युनियनचा उल्लेख यांपैकी कशातही नाही. त्यामुळे युनियन नसलेल्या कारखान्यातील कॅमरीला आणि युनियनच्या फोर्ड एफ-१५० ला सारखीच वजावट मिळते.

'देशी'च्या आग्रहाची दुसरी बाजू कोणती?

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी गाड्यांच्या लाटेत डेट्रॉइटच्या हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. तो राग गाड्यांपुरता राहिला नाही. जून १९८२ मध्ये व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या अमेरिकी तरुणाला दोघांनी बेसबॉलच्या बॅटने मारहाण केली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. हल्लेखोरांपैकी एक क्रायस्लरमध्ये पर्यवेक्षक होता, तर दुसऱ्याची मोटार उद्योगातील नोकरी गेलेली होती. राज्य न्यायालयाने त्यांना ३ हजार डॉलर दंड आणि परिवीक्षा एवढीच शिक्षा दिली. आशियाई-अमेरिकी नागरी हक्क चळवळीला या प्रकरणाने मोठी चालना मिळाली.

परदेशी कामगार म्हणजे स्वस्त, असंघटित कामगार हा समजही सरसकट खरा नाही. जीएमच्या कोरियातील कारखान्यांत जुनी युनियन आहे. मेक्सिकोतील सिलाओ येथे सिल्व्हरॅडो बनवणाऱ्या कामगारांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदान करून स्वतंत्र संघटना निवडली. म्हणजे गाडी परदेशी आणि तरीही युनियनची असू शकते.

महाराष्ट्राशी काय संबंध?

जीप कंपास अमेरिकेत विकली गेली ती मेक्सिकोतील टोलुका येथे बनलेली. भारतातील कंपास पुण्याजवळच्या रांजणगावची. अमेरिकी ब्रँडवर भरवसा ठेवणाऱ्या कामगारांचे काय होते, याचा अनुभव तळेगावने घेतला आहे. जीएमने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन बंद केले. हजारहून अधिक कामगारांच्या नोकऱ्यांसाठी तेथील युनियन न्यायालयात गेली. तो कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला.

पुढे काय?

डेट्रॉइटच्या तीन कंपन्यांशी झालेले यूएडब्ल्यूचे करार ३० एप्रिल २०२८ रोजी संपतील. कामगार दिनाच्या आदल्या दिवसाची ही तारीख संघटनेने मुद्दाम निवडली आहे. कर्जव्याजाची वजावटही २०२८ पर्यंतच आहे. तोपर्यंत चॅटनूगासारखे आणखी कारखाने युनियनच्या बाजूने गेले, तर 'देशात बनलेली' आणि 'युनियनने बनवलेली' यांतील अंतर कमी होईल. तसे झाले नाही, तर लेबल, व्हिन आणि युनियनची यादी या तिन्ही गोष्टी तपासण्याचे काम ग्राहकालाच करावे लागेल.