परवान्याचे शस्त्र आणि नाक्यावरचा कॅमेरा

शस्त्र बाळगण्याचा परवाना मिळतो. ते लोकांना दाखवत फिरण्याचा परवाना भारतात कोणालाच मिळत नाही. शस्त्र अधिनियम 1959 नुसार परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांचा. धाराशिवमध्ये अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत दाखल होतो, पोलीस ठाण्याची चौकशी आणि पोलीस अधीक्षकांचा अभिप्राय जोडला जातो, मग निर्णय होतो. 2019 च्या दुरुस्तीपासून एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे.

शस्त्र घराबाहेर कसे न्यायचे, हे 2016 च्या शस्त्र नियमांनी ठरवले आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगावर बांधलेल्या म्यानात, लांब नळीची बंदूक तिच्या खोळीत. दोन्ही पूर्ण झाकलेली आणि सतत स्वतःच्या ताब्यात. सार्वजनिक जागी ते परजायला मनाई आहे. जत्रा, धार्मिक मिरवणूक, जाहीर सभा आणि शाळा-महाविद्यालयाचे आवार या ठिकाणी शस्त्र न्यायचे नाही, ही परवान्याचीच अट असते. त्यामुळे तुळजापूरच्या नवरात्रात किंवा येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत कमरेला पिस्तूल लावून हिंडणारा, परवाना खिशात असला तरी, अटभंग करतो. वरातीत हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

अमेरिकेत याच्या उलट चित्र दिसते. तिथल्या अनेक राज्यांत बंदूक उघडपणे खांद्याला लावून रस्त्याने जाणे कायदेशीर आहे, आणि असे लोक पोलिसांनी अडवले की मोबाइल सुरू करून सगळा प्रसंग चित्रित करतात. पोलिसांचे चित्रीकरण करण्याच्या हक्काला तिथे 2011 च्या ग्लिक निकालाने बळ दिले. तो खटला बॉस्टनच्या एका उद्यानात झालेल्या अटकेच्या चित्रीकरणावरून उभा राहिला होता. धाराशिवच्या रस्त्यावर यातला पहिला भाग लागूच होत नाही. दुसरा मात्र हळूहळू लागू होत आहे, आणि तोच अधिक मोलाचा आहे.

सणावारांच्या आणि आंदोलनांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शस्त्रबंदी आणि जमावबंदीचे आदेश निघतात. आदेश बहुधा पंधरवड्यापुरता असतो आणि त्यात बंदुकीबरोबर तलवार, भाला, लाठीही येते.

निवडणूक लागली की शस्त्रे जमा करण्याचे काम सुरू होते. कोणाचे शस्त्र जमा करून घ्यायचे, हे जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती ठरवते. जामिनावर सुटलेले, पूर्वी गुन्हे दाखल असलेले, मागच्या निवडणुकीत दंगलीत सापडलेले यांच्यावर आधी लक्ष जाते. बँकेचे सुरक्षारक्षक आणि नेमबाज खेळाडूंना सूट असते. ठाण्यातले काम शांतपणे, एकेका नगाचे चालते. बारा बोअरची दुनळी मधून मोडून उजेडाकडे धरली जाते. दोन्ही नळ्यांतून आरपार दिसले म्हणजे ती रिकामी. धातूवर कोरलेला क्रमांक परवान्यावरच्या क्रमांकाशी एकेक अंक वाचून ताडला जातो. काडतुसे टेबलावर उभी करून मोजतात. मग घोड्याच्या कडीला सुतळीने चिठ्ठी बांधली जाते, नोंदवहीत सही होते आणि पावती फाडली जाते. निकालानंतर आठवडाभराने शस्त्र परत मिळते, ते या पावतीवरच. खोळीत दमट हवा राहिली तर नळीला गंज धरतो, म्हणून जाणकार मालक जमा करण्याआधी नळीतून तेलाचा बोळा फिरवून आणतात.

शस्त्र मिरवण्याचे परिणाम शेजारच्या बीड जिल्ह्याने पाहिले आहेत. डिसेंबर 2024 मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. केजला लागूनच धाराशिवचा कळंब तालुका आहे. त्या प्रकरणानंतर बीडमधल्या पिस्तूलधाऱ्यांचे फोटो आणि रील सगळीकडे फिरले, परवान्यांची फेरतपासणी झाली आणि शंभरावर परवाने रद्द झाले. हे परवाने देताना गरज नीट तपासली असती, तर त्यातले काही रद्द करण्याची वेळ कदाचित आली नसती.

विनापरवाना शस्त्राचा शोध अनेकदा नाकाबंदीत लागतो. धाराशिव जिल्ह्यातला सोलापूर-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग, उमरग्यावरून कर्नाटकाच्या हद्दीकडे जातो. सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर, धाराशिव, येडशीवरून बीडकडे. शस्त्र दिसले की कोणताही पोलीस अधिकारी कलम 19 खाली परवाना मागू शकतो. तो दाखवला नाही तर नाव-पत्ता विचारून शस्त्र जप्त करू शकतो. गावठी कट्टा सापडला तर पंच बोलावले जातात, जिवंत काडतुसे वेगळी केली जातात, कट्टा कापडात गुंडाळून लाखेचे सील लावले जाते. 1 जुलै 2024 पासून यात एक पायरी वाढली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण सक्तीचे आहे, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते. पूर्वी पंच फितूर झाला की पंचनामा डळमळायचा. आता कट्टा कोणाच्या पिशवीतून निघाला, हे न्यायालयाला दिसू शकते.

पोलीस चित्रीकरण करतात, मग अडवलेल्या नागरिकाने केले तर? भर रस्त्यावर कर्तव्य बजावणाऱ्या पोलिसाचे चित्रीकरण करण्यास मनाई करणारे कोणतेही सर्वसाधारण कलम नाही. ठाण्याच्या आत मात्र शासकीय गुपिते अधिनियम 1923 पुढे केला जात असे. वर्ध्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये स्पष्ट केले की त्या कायद्याने सांगितलेल्या प्रतिबंधित जागेत पोलीस ठाणे येत नाही. 2024 मध्ये औरंगाबाद खंडपीठानेही पाथर्डीच्या प्रकरणात हीच भूमिका घेतली. तिथे अधिकाऱ्याबरोबरचे संभाषण ध्वनिमुद्रित केले म्हणून गुन्हा नोंदला होता. गुपिते कायद्याचा भाग रद्द झाला. धाराशिव जिल्हा याच खंडपीठाच्या कक्षेत येतो.

मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. मोबाइल अधिकाऱ्याच्या तोंडापुढे नाचवणे, वाट अडवणे, कागदपत्रे द्यायला नकार देणे हे चित्रीकरण नव्हे. सरकारी कामात अडथळा आणल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम 221 आणि बळाचा वापर केल्यास कलम 132 लागू होते. गणवेशातील अधिकाऱ्याने मागितल्यावर वाहनाची कागदपत्रे दाखवावीच लागतात; डिजीलॉकरमधली चालतात. ज्याच्याकडे परवान्याचे शस्त्र आहे त्याने हात दिसतील असे ठेवावेत, शस्त्राला न शिवता ते कुठे आहे हे आधी तोंडाने सांगावे आणि परवाना पुढे करावा. शस्त्रधाऱ्याने चित्रीकरणाच्या नादात एक हात खिशाकडे नेणे दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

ठाण्यात काही घडले असेल तर स्वतःचा मोबाइल हा एकच आधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे सीसीटीव्ही बसवण्याचा आणि चित्रण 18 महिने, ते शक्य नसेल तिथे निदान वर्षभर, जपण्याचा आदेश दिला. तक्रारदाराने तारीख आणि वेळ नमूद करून चित्रण राखून ठेवण्याचा लेखी अर्ज लगेच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.