गाठ लागली? 'बघू संडेला' नको!

'कॅन्सर? आणि कुत्र्याला?' हो, मांजरालासुद्धा! फक्त 'इथे दुखतंय' असं त्यांना सांगता येत नाही. त्यात तुम्ही वर्धा-नागपूर अप-डाऊनवाले. सकाळी गाडी पकडायची घाई, घरी यायला रात्र. वाटाण्याएवढी गाठ लिंबाएवढी होते, तेव्हा कुठे लक्ष जातं.

म्हणून महिन्यातून एकदा पाच मिनिटं काढा. लाड करता करता तोंड, मान, काखा, पोट, शेपटीखाली हात फिरवा.

मादीच्या सडांजवळ गाठ लागली तर थांबूच नका. कुत्रीत अशा साधारण निम्म्या गाठी कॅन्सरच्या असतात, मांजरीत तर बहुतेक! पहिल्या माजाआधी नसबंदी केली, तर हा धोका खूप कमी होतो. योग्य वय डॉक्टरांना विचारा.

मनीचं सनबाथ

मनी पांढरी आहे? मग आपलं विदर्भाचं ऊन तिच्यासाठी वाईट. कानाच्या टोकावर किंवा नाकावर न भरणारी जखम हा कातडीचा कॅन्सर असू शकतो. दुपारी गच्ची बंद!

गल्लीतला मोती

लघवीच्या जागी फुलकोबीसारखी गाठ, रक्त ठिबकतंय? हा 'टीव्हीटी' असू शकतो. यात कॅन्सरच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात, मुख्यतः समागमातून. रशियन पशुवैद्य नोविन्स्की यांनी १८७६ मध्येच अशी गाठ दुसऱ्या कुत्र्यात रुजवून दाखवली होती. माणसाला तो होत नाही, तेव्हा मोतीला हाकलू नका. आठवड्याला एक याप्रमाणे विनक्रिस्टिनची काही इंजेक्शनं दिली, की बहुतेक कुत्रे बरे होतात. हे औषध मिळतं चक्क आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून! पण घरी पाला खाऊ घालायचा प्रयोग नको, तो विषारी असतो.

लगेच डॉक्टरांकडे, जर...

* गाठ वाढतेय
* जखम भरत नाही
* वजन उतरतंय, खाणं सुटलंय
* तोंडाला घाण वास, गिळायला त्रास
* कुठूनही रक्त येतंय

प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. पण ते हाताला कळत नाही, सुईने पेशी काढून तपासाव्या लागतात. भटक्या जनावरासाठी पिपरी (मेघे)च्या करुणाश्रमात विचारा. मोठ्या तपासणीसाठी नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच. तसंही रोज नागपूरला जाताच ना? एक दिवस मोतीलाही न्या!