ठरल्या रकमेत स्मार्टफोन निवडताना

एके काळी घरात शिवणयंत्र किंवा रेडिओ घ्यावयाचा तर वडीलधाऱ्यांची बैठक बसत असे. वस्तू कोणाची, दुकानदार ओळखीचा आहे काय, बिघडल्यास दुरुस्ती कोठे होईल, याचा खल होई. आणि मग घरात आलेली ती वस्तू वीस-पंचवीस वर्षे सुखाने नांदे. आज महिन्याच्या मिळकतीचा मोठा भाग खर्चून आपण स्मार्टफोन घेतो. तो फार तर चार-पाच वर्षे टिकावयाचा असतो, आणि तरीही त्याची निवड मात्र विक्रेत्याच्या दोन वाक्यांवर एका संध्याकाळी उरकली जाते. हा व्यवहार थोडा विचाराने व्हावा, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये देशातील पहिले मोबाईल संभाषण झाले, तेव्हा हे साधन श्रीमंतांचे भूषण होते. आता तसे राहिलेले नाही. मार्च २०२० मध्ये शाळांची दारे बंद झाली आणि ज्या घरात फोन नव्हता त्या घरातील मुलाचे शिक्षणही थांबले, हे आम्ही शिक्षकांनी डोळ्यांनी पाहिले. निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला २०२१ पासून फोनसमोर चेहरा धरून देता येतो. शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचा व्यवहार, रेल्वेचे तिकीट, सारे याच काचेवर आले आहे. म्हणूनच मोजक्या पैशांच्या घराला चुकीची निवड अधिक महाग पडते. कारण तेथे दुसऱ्यांदा घेण्याची ऐपत नसते.

आधी कागद, मग दुकान

समजा, आपण बारा हजार रुपये बाजूला काढले आहेत. हे बारा हजार फोनची किंमत नव्हेत, संपूर्ण खर्चाची मर्यादा होय. पुष्कळ फोनांच्या पेटीत आता चार्जर नसतो. चार्जर, पाठीमागचे कव्हर आणि पडद्यावरची काच यांसाठी हजार रुपये वेगळे ठेवले, तर फोनसाठी अकरा हजार उरतात. ही वजाबाकी घरीच झालेली बरी. दुकानात ती होत नाही.

दुसरा हिशेब रिचार्जचा. पुष्कळ योजनांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो. म्हणजे वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा पैसे भरावे लागतात. एका खेपेस तीनशे रुपये धरले तर वर्षाचे ३,९०० आणि तीन वर्षांचे ११,७०० रुपये होतात. फोनच्या किमतीइतकीच रक्कम पुन्हा! हा भार झेपणार असेल तरच पुढे जावे.

मग त्याच कागदावर लिहावे, की फोन कोण वापरणार आणि कशासाठी. अभ्यास करणाऱ्या मुलीला मोठा पडदा आणि पुरेशी साठवण हवी. आजीला स्पष्ट अक्षर, मोठा आवाज आणि हातात पेलेल असे वजन हवे. छोट्या दुकानदाराला दिवसभर टिकणारी बॅटरी हवी. सर्व गुण एका स्वस्त फोनात एकवटलेले मिळत नाहीत. पहिल्या दोन गरजांखाली रेघ ओढावी आणि उरलेल्यांवर पाणी सोडावे.

स्पर्शाची परीक्षा

पूर्वीचे काही स्पर्शपडदे दाबावे लागत; नखाने वा काडीनेही ते चालत. २००७ साली आलेल्या आयफोनपासून जो पडदा जगभर रूढ झाला, त्याचे तत्त्व निराळे आहे. काचेखाली विद्युत्‌वाहक पदार्थाचे पारदर्शक जाळे असते. आपले शरीर विजेचे वाहक असल्यामुळे बोट टेकताच त्या ठिकाणचा विद्युत्‌भार किंचित बदलतो आणि फोन ती जागा ओळखतो. म्हणूनच हातमोजा घातला तर पडदा दाद देत नाही, आणि ओल्या हाताने भलतेच काही उघडते. वृद्धांची कोरडी, खरखरीत बोटेही कधी कधी नीट ओळखली जात नाहीत. तेव्हा फोन ज्याच्यासाठी घ्यावयाचा, त्यालाच दुकानात न्यावे आणि त्याच्याच बोटांनी परीक्षा करावी.

परीक्षा सोपी आहे. पडद्यावरील एखादे चित्र बोटाने धरून चारही कोपऱ्यांत सावकाश फिरवावे. वाटेत ते कोठे निसटले तर तो पडदा नको. मग एक पूर्ण ओळ टंकून पाहावी. शेवटी दुकानाच्या दाराबाहेर, उन्हात उभे राहून ती वाचावी. दिव्यांच्या झगमगाटात सुरेख दिसणारे कित्येक पडदे उन्हात काळवंडतात. या किमतीत बहुधा ७२० गुणिले १६०० बिंदूंचा पडदा मिळतो, आणि वाचनासाठी तो पुरतो. पडदा सेकंदाला नव्वद वेळा ताजा होतो की एकशे वीस वेळा, या गोष्टीसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

आकड्यांचा बाजार

पेटीवर छापलेले आकडे वाचताना सावध असावे. फोनमधील रॅम म्हणजे कामाचे टेबल आणि साठवण म्हणजे कपाट. टेबल लहान असेल तर एक वही उघडताना दुसरी मिटावी लागते. फोन अडखळतो तो येथेच. रॅम चार जीबीहून कमी नसावी, सहा मिळाल्यास उत्तम. ‘चार अधिक चार, म्हणजे आठ’ असे कोणी सांगेल. त्यातील दुसरे चार कपाटातील उसनी जागा असते आणि तिची गती मूळ रॅमची नसते. साठवण १२८ जीबी असावी. ६४ असेल तर त्यातला बराच भाग फोनची स्वतःची प्रणालीच व्यापते, आणि वर्षभरात ‘जागा संपली’ अशी हाकाटी सुरू होते.

कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल पाहून भुलू नये. छायाचित्राची प्रत भिंग, प्रकाश टिपणाऱ्या चकतीचा आकार आणि आतील संस्करण यांवरही अवलंबून असते. पाठीवर तीन वर्तुळे असली तरी त्यांतील एखादे केवळ शोभेचे असू शकते. दुकानातील पावतीचे छायाचित्र घ्यावे आणि मोठे करून वाचावे. अक्षरे स्वच्छ वाचता आली, तर शाळेच्या व बँकेच्या कागदपत्रांचे काम भागले. बॅटरी ५,००० एमएएचच्या आसपास असावी.

उरलेले आयुष्य किती?

विक्रेत्याला सहसा न विचारला जाणारा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा, की हा नमुना बाजारात केव्हा आला आणि कंपनी त्याला सुरक्षा-अपडेट किती वर्षे देणार आहे? ही मुदत बहुधा नमुना बाजारात आल्यापासून मोजली जाते, आपण तो घेतल्यापासून नव्हे. दोन वर्षांपूर्वीचा फोन सवलतीत मिळाला तरी त्याच्या आयुष्यातील दोन वर्षे सरलेली असतात. अपडेट थांबले की फोन बंद पडत नाही. पण कालांतराने बँकांची ॲप त्यावर चालेनाशी होतात आणि तोवर पैशांची जोखीमही वाढते.

देशात फाइव्ह-जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. चार-पाच वर्षांच्या वापराचा विचार करता, तेवढ्याच पैशांत आणि रॅमला कात्री न लावता ती मिळत असेल तर घ्यावी. फोर-जीचा चांगला फोन आजच्या कामाला अपुरा नाही. त्याआधी आपल्या घरात, अगदी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातही, कोणत्या सिमला रेंज येते ते शेजाऱ्याच्या फोनवर पाहावे. कंपनीचे दुरुस्ती-केंद्र आपल्या गावात आहे काय, हेही विचारावे. फुटलेला पडदा बदलण्यासाठी दोनशे किलोमीटर जावे लागत असेल, तर स्वस्ताई कसली?

ळ उमटतो का?

महाराष्ट्राबाहेरील आपल्या घरांसाठी आणखी एक कसोटी आम्ही सुचवितो. आमच्याकडील मुले हिंदी माध्यमात शिकतात आणि फोनवर हिंदीचाच कळफलक ठेवतात. त्यावर मराठी लिहिले की ‘वेळ’चा ‘वेल’ आणि ‘मूळ’चे ‘मूल’ व्हावयास उशीर लागत नाही. आजीला पाठविलेल्या निरोपातून ळ नाहीसा झाला, की तो हळूहळू जिभेवरूनही जातो. बहुतेक अँड्रॉइड फोनांवर चालणाऱ्या गूगलच्या कळफलकात मराठी ही स्वतंत्र भाषा निवडता येते आणि बोलून लिहिण्याची सोयही मिळते. याला एक पैसा पडत नाही. फोन घेतला त्याच दिवशी ‘दुसऱ्या वेळी बाळाला आळंदीला नेऊ’ असे वाक्य लिहून पाहावे. ते शुद्ध उमटले की फोन आपल्या घरचा झाला.

जुना फोन आणि हप्ते

जुना फोन घेणे कमीपणाचे नाही. पण तो चोरीचा नसावा. *#०६# दाबल्यावर पंधरा अंकांचा आयएमईआय क्रमांक दिसतो. इंग्रजीत के, वाय, एम ही तीन अक्षरे आणि पुढे तो क्रमांक लिहून १४४२२ वर संदेश पाठविला, की त्या फोनची ओळख कळते. नव्या फोनच्याही पक्क्या बिलावर हाच क्रमांक लिहून घ्यावा. बिलाशिवाय दुकान सोडू नये. तक्रारीची वेळ आलीच तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे.

‘बिनव्याजी हप्ते’ हे शब्द गोड असतात. त्यांत प्रक्रिया शुल्क किती आणि रोखीने घेतल्यास मिळणारी सूट बुडते काय, एवढे दोन प्रश्न विचारावेत. सर्व हप्त्यांची बेरीज आपल्या कागदावरील आकड्याहून अधिक होत असेल, तर तो व्यवहार आपला नव्हे.

एक गोष्ट अखेरीस सांगितल्यावाचून राहवत नाही. मुलीच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलेला फोन दिवसभर वडिलांच्या खिशात फिरतो आणि रात्री दहाला, बॅटरी संपत आल्यावर, तिच्या हाती येतो, हे दृश्य आम्हांला अनेक घरांतून दिसते. फोन कोणता घ्यावा हे ठरविताना तो कोणाच्या हाती, कोणत्या वेळी राहील हेही त्याच बैठकीत ठरावे, आणि ठरलेले पाळले जावे. घराने पोटाला चिमटा घेऊन जमविलेले पैसे ज्या कामासाठी काढले, त्या कामाला ते लागले, तरच ती खरेदी स्वस्त म्हणावयाची.